५जी: फोनवरचं चिन्ह आणि त्यामागचं जाळं

दीर्घतरंग

फोनच्या कोपऱ्यात ५जी दिसलं की फोन ५जीवर आहे, हा समज फार पक्का झालाय. "५जी असून स्पीड नाही", "५जीने बॅटरी खाल्ली", "त्याच्याकडे चालतं, माझ्याकडे का नाही" हे प्रश्न बरेचदा त्याच समजातून येतात. म्हणून भारतातल्या ५जीची ही तोंडओळख. चुकत असेल तिथे जाणकारांनी भर घालावी.

५जीचं मानक ३जीपीपी या संस्थेने रिलीज १५ मध्ये ठरवलं. त्याचे दोन भाग झाले. डिसेंबर २०१७ मध्ये नॉन-स्टँडअलोन (एनएसए) आणि जून २०१८ मध्ये स्टँडअलोन (एसए). एनएसएमध्ये फोन आधी ४जीच्या टॉवरला जोडला जातो. सगळं नियंत्रण ४जीकडे राहतं आणि जास्त डेटा लागला की ५जीची दुसरी जोडणी वर चढवली जाते. मागची मध्यवर्ती यंत्रणा, म्हणजे कोअर, तीही ४जीचीच. एसएमध्ये टॉवरपासून कोअरपर्यंत सगळं ५जीचं, ४जीचा आधार नाही.

आपल्याकडे जुलै-ऑगस्ट २०२२ मध्ये लिलाव झाला. ५१,२३६ मेगाहर्ट्झ स्पेक्ट्रम सुमारे १,५०,१७३ कोटी रुपयांना गेला. १ ऑक्टोबर २०२२ ला सेवेचं उद्घाटन झालं. एअरटेलच्या पहिल्या आठ शहरांत मुंबई आणि नागपूर होती. जिओने एसए निवडलं. एअरटेलने एनएसएने सुरुवात केली आणि एसए नंतर जोडायला घेतलं. व्हीआयचं ५जी मुंबईत मार्च २०२५ मध्ये आलं.

कामाचे बँड (वारंवारतेचे पट्टे) तीन:

एन-२८, म्हणजे ७०० मेगाहर्ट्झ. लांब जातो, भिंतीतून आत शिरतो, पण रुंदी, म्हणजे डेटा न्यायची जागा, कमी. जिओकडे देशभर १० मेगाहर्ट्झची जोडी (एक पट्टा जायला, एक यायला) आहे.
एन-७८, म्हणजे ३३०० मेगाहर्ट्झच्या वरचा. जिओ आणि एअरटेलकडे प्रत्येकी १०० मेगाहर्ट्झ. आपण ज्याला "५जीचा स्पीड" म्हणतो तो इथला.
एन-२५८, म्हणजे २६ गिगाहर्ट्झ. रुंदी प्रचंड, पल्ला काहीशे मीटर, भिंतीला पूर्ण शरण. फोनसाठी जवळजवळ नाहीच. घरगुती ब्रॉडबँडसाठी उपयोगी.

तेव्हा "५जी आहे का" याऐवजी विचारावं ते असं: कोणत्या बँडवर, किती रुंदीचं, एसए की एनएसए?

कोकणकडा

छान धागा. पण चिन्हाचं कोडं उलगडा ना. स्टेटस बारमध्ये ५जी आणि स्पीड टेस्टला १८ एमबीपीएस, हे कसं?

खांबाखाली

@कोकणकडा, एनएसएमध्ये हे अगदी नियमाने होतं. ४जीचा टॉवर आपल्या प्रसारित माहितीत एक खूण पाठवतो: "माझ्या बाजूला ५जी जोडण्याची सोय आहे." फोन ती खूण वाचतो आणि ५जी लिहितो. त्या क्षणी फोन ५जीला जोडलेला असेलच असं नाही. खिशात पडलेला फोन तर फक्त ४जीवरच असतो. तुम्ही व्हिडिओ लावला की टॉवर फोनला ५जीचा सिग्नल मोजायला सांगतो. तो पुरेसा असेल तरच ५जीची जोडणी होते. नसेल तर सगळं काम ४जीवर होतं आणि चिन्ह मात्र तसंच राहतं.

चिन्ह कधी दाखवायचं याचे चार पर्याय जीएसएमए या मोबाइल कंपन्यांच्या जागतिक संघटनेने लिहून ठेवलेत. सर्वांत सैल पर्यायात वर सांगितलेली खूण दिसली की चिन्ह. सर्वांत कडक पर्यायात प्रत्यक्ष ५जीची जोडणी असेल तरच. कोणता वापरायचा हे ऑपरेटर आणि फोन कंपनी ठरवतात. म्हणून एकाच खोलीत, एकाच कंपनीचं सिम असलेले दोन फोन वेगळी चिन्हं दाखवू शकतात.

मिताली_एस

म्हणजे एसएमध्ये चिन्ह दिसलं तर ते खरंच ५जी असतं?

खांबाखाली

हो, कारण तिथे फोन नोंदलेलाच ५जीच्या टॉवरवर असतो. पण "खरं ५जी" आणि "वेगवान ५जी" एक नव्हे. १० मेगाहर्ट्झच्या एन-२८वर, फोनमध्ये त्या बँडसाठी दोन अँटेना धरून, कमाल वेग शंभर एमबीपीएसच्या जरा वर जातो, आणि तोही टॉवरवर तुम्ही एकटेच असाल तर. एन-७८वर १०० मेगाहर्ट्झ आणि चार थर (एकाच वेळी येणारे चार डेटा-प्रवाह) मिळाले तर हीच कमाल दीड गिगाबिटच्या पुढे जाते.

निळू फुलपाखरे

५जी म्हणजे ४जीला नवीन शर्ट. तीच ओएफडीएम, तेच टॉवर, तेच सिम. एवढा गाजावाजा कशासाठी?

दीर्घतरंग

@निळू, लहरींची मूळ पद्धत ओएफडीएमच (डेटा अनेक बारीक उपकॅरिअरांवर, म्हणजे उपलहरींवर, वाटून पाठवणं) आहे, हे बरोबर. फरक आत आहे.

४जीचा एक कॅरिअर, म्हणजे सलग पट्टा, जास्तीत जास्त २० मेगाहर्ट्झचा. त्यातले १८ प्रत्यक्ष वापरात, उरलेले कडेला मोकळे. ५जीचा एन-७८वरचा कॅरिअर १०० मेगाहर्ट्झचा आणि त्यातले ९८.२८ वापरात. म्हणजे वाया जाणारी जागा दहा टक्क्यांवरून दोनच्या आत आली.

उपकॅरिअरमधलं अंतर ४जीत कायम १५ किलोहर्ट्झ. ५जीत ते १५, ३०, ६०, १२० असं बँडप्रमाणे बदलतं. एन-७८वर ३० असल्यामुळे वेळेचा तुकडा १ मिलिसेकंदाऐवजी अर्धा होतो, आणि टॉवर दुप्पट वेळा निर्णय घेऊ शकतो.

तिसरा फरक मला सर्वांत मोलाचा वाटतो. ४जीचा टॉवर कोणी वापरत नसतानाही दर मिलिसेकंदाला आपले संदर्भ-संकेत फेकत राहतो, आणि ते शेजारच्या टॉवरला त्रास देतात. ५जीत हे सतत चालणारे संकेत काढून टाकले. मूळ ओळख-संकेत साधारणपणे २० मिलिसेकंदांतून एकदा जातात, मधल्या काळात रेडिओ झोपू शकतो. जाळं दाट झालं की या शांततेची किंमत कळते.

घाटमाथा

यात मॅसिव्ह मायमोची (एकाच पॅनेलमधल्या पुष्कळ अँटेनांची) भर घालतो, कारण एन-७८चा निम्मा चमत्कार तिथे आहे.

टॉवरवर नवे चौकोनी, जाड पॅनेल दिसतात ना, त्यात ३२ किंवा ६४ स्वतंत्र ट्रान्समीटर-रिसीव्हर असतात. जुन्या अँटेनात रेडिओ वेगळा आणि अँटेना वेगळा, मधे जाड केबल. इथे दोन्ही एकाच खोक्यात. खालून फक्त उणे ४८ व्होल्टची वीज आणि फायबर जातं. प्रत्येक ट्रान्समीटरच्या लहरीची कला (फेज) थोडी मागेपुढे करून किरण तुमच्या दिशेने वळवता येतो. एकाच क्षणी, एकाच लहरीवर, वेगवेगळ्या दिशांच्या अनेक फोनना वेगवेगळा डेटा देता येतो. दहा फोन एकाच दिशेला, एकाच इमारतीत असतील तर हा फायदा घटतो. दहा दिशांना विखुरलेले असतील तर वाढतो.

किंमतही आहे. पूर्ण भार असताना अशा एका पॅनेलला किलोवॅटच्या घरात वीज लागते, आणि एका टॉवरवर बहुधा तीन पॅनेल. म्हणून लाईट गेली की बॅटरी वाचवण्यासाठी आधी एन-७८चा थर बंद केला जातो आणि ४जी चालू ठेवलं जातं. भारनियमनाच्या वेळी ५जी गायब होण्याचं हे मुख्य कारण. तुमच्या फोनचा त्यात दोष नाही.

रानजाई

आमच्याकडे तालुक्याच्या गावात डाउनलोड ३०० आणि अपलोड ६. एवढी तफावत का असते?

घाटमाथा

@रानजाईताई, दोन कारणं आहेत, आणि दोन्ही एकमेकांवर चढतात.

पहिलं. एन-७८ हा टीडीडी बँड आहे. जाणं आणि येणं एकाच लहरीवर, आळीपाळीने, घाटातल्या एकेरी रस्त्यावर दोन्ही बाजूंची वाहनं वेळ वाटून सोडतात तसं. जगभर रूढ असलेल्या एका मांडणीत पाच तुकड्यांचं २.५ मिलिसेकंदांचं चक्र असतं: तीन पूर्ण डाउनलोडचे, एक मिश्र, एक अपलोडचा. प्रत्येक तुकड्यात चौदा चिन्हं (सिम्बॉल, म्हणजे वेळेचे छोटे घटक; फोनवरचं चिन्ह नव्हे). मिश्र तुकड्यात त्यांपैकी दहा खाली, दोन मोकळी, दोन वर. हिशेब केला तर सत्तरपैकी ५२ चिन्हं डाउनलोडला आणि १६ अपलोडला. म्हणजे जवळपास तीन चतुर्थांश वेळ खाली येणाऱ्या डेटाचा.

दुसरं. टॉवरचं पॅनेल २०० वॉट किंवा जास्त ताकदीने बोलतं. फोन बोलतो २०० मिलिवॉटने, काही फोन एन-७८वर ४०० ने. टॉवरचं तुम्हाला ऐकू येतं, तुमचं टॉवरला येत नाही. म्हणून टॉवरपासून दूर गेलं की अपलोड आधी मान टाकतं. एनएसएमध्ये अशा वेळी अपलोड ४जीच्या जोडणीवरून पाठवता येतं. एसएमध्ये एन-२८ हाताशी असेल तर फोन तिकडे सरकवला जातो.

कोकणकडा

ती दोन मोकळी चिन्हं कशासाठी?

घाटमाथा

टॉवरचं शेवटचं बोलणं दूरच्या फोनला पोचेपर्यंत आणि त्याचं उत्तर परत येईपर्यंत थांबावं लागतं. दोन चिन्हं म्हणजे सुमारे ७१ मायक्रोसेकंद. प्रकाश तेवढ्यात २१ किलोमीटर जातो. जाऊन-येऊन धरलं तर दहा किलोमीटरच्या आसपासची मर्यादा. त्याहून लांबचा पल्ला हवा असेल तर मोकळी जागा वाढवावी लागते, म्हणजे वेग घटतो.

वेळापत्रक

टीडीडीचा विषय निघालाय तर वेळेच्या ताळमेळाबद्दल लिहायलाच हवं. याबद्दल कोणी बोलत नाही आणि सर्वांत विचित्र बिघाड इथेच होतात.

शेजारचे सगळे टॉवर एकाच क्षणी "खाली" आणि एकाच क्षणी "वर" व्हायला हवेत. दोन टॉवरमधला फरक ३ मायक्रोसेकंदांच्या आत हवा, म्हणजे प्रत्येकाचं घड्याळ मूळ वेळेपासून उणे-अधिक १.५ मायक्रोसेकंदांत. त्यासाठी टॉवरवर जीपीएसचा छोटा पांढरा अँटेना असतो, किंवा फायबरवरून पीटीपी नावाच्या पद्धतीने वेळ येते.

जीपीएसची केबल पाण्याने खराब झाली, किंवा समोर नवी इमारत उभी राहून आकाश झाकलं गेलं, तर काही तास आतलं घड्याळ स्वतःच्या बळावर वेळ धरतं. मग हळूहळू सरकतं. सरकलेला टॉवर शेजारी ऐकत असताना बोलू लागतो. तो स्वतः ठणठणीत दिसतो आणि आजूबाजूच्या चार टॉवरचं अपलोड कोसळतं. तक्रारी शेजारून येतात आणि आजारी दुसराच असतो. नियम असा की घड्याळ हाताबाहेर गेलं की त्या टॉवरने एन-७८ बंद करावा. पावसाळ्यात पूर्ण रेंज असूनही अपलोड अचानक शून्य झालं तर हे एक संभाव्य कारण.

मिताली_एस

हे कुठेच वाचलं नव्हतं. धन्यवाद वेळापत्रक!

निळू फुलपाखरे

आयडीला जागलात! :)

सह्याद्री_सिग्नल

घरात ५जी न येण्याबद्दल आकडे देतो. ३जीपीपीच्या प्रमाण गणितात काँक्रीटच्या भिंतीची घट ५ अधिक ४ गुणिले गिगाहर्ट्झ, इतके डेसिबल (सिग्नलची घट मोजायचं माप; दर १० ला ताकद दहाव्या हिश्श्यावर) धरतात. ७०० मेगाहर्ट्झला ती ८ च्या आत, ३.५ गिगाहर्ट्झला १९. त्यावर मोकळ्या हवेतला फरक: वारंवारता पाचपट म्हणजे १४ डेसिबल. एकूण २५ डेसिबल, म्हणजे ताकद तीनशेव्या हिश्श्याच्या आसपास. मॅसिव्ह मायमोचा किरण यातलं बरंच भरून काढतो, सगळं नाही.

आणि काच. साध्या काचेतून ३.५ गिगाहर्ट्झला तीनेक डेसिबल जातात. उष्णता परतवणारा धातूचा थर असलेली काच मात्र २४ डेसिबल घेते, म्हणजे काँक्रीटच्या भिंतीहूनही जास्त. नव्या निळसर काचांच्या ऑफिसांमध्ये खिडकीशी जाऊनही रेंज वाढत नाही ती यामुळे. तिथे इमारतीच्या आतली अँटेना-व्यवस्था किंवा वायफाय कॉलिंग हेच उत्तर.

विदर्भवारा

विमानतळाजवळच्या भागांचा वेगळा मुद्दा आहे. विमानांची उंची मोजणारी रेडिओ यंत्रं ४.२ ते ४.४ गिगाहर्ट्झवर चालतात. त्यांना अडथळा नको म्हणून दूरसंचार विभागाने नोव्हेंबर २०२२ मध्ये आदेश काढला: धावपट्टीच्या दोन्ही टोकांपासून २१०० मीटर आणि मध्यरेषेपासून ९१० मीटरच्या पट्ट्यात ३३०० ते ३६७० मेगाहर्ट्झचे टॉवर नकोत. मुंबईत विलेपार्ले-कुर्ला, पुण्यात लोहगाव, नागपुरात सोनेगाव या भागांत ५जी सुरू होताना एन-७८ला पोकळी राहण्यामागे हा आदेश होता. एन-२८ त्या आदेशात येत नाही.

अटकेपार

मी अमेरिकेतून लिहितोय. इथे टी-मोबाइलने ऑगस्ट २०२० मध्येच ६०० मेगाहर्ट्झवर, म्हणजे एन-७१वर, देशव्यापी एसए सुरू केलं. मधला बँड एन-४१. भारतातून फोन घेऊन येणाऱ्यांनी एन-७१ आहे का ते पाहावं. तो नसेल तर शहराबाहेर ५जी मिळणं कठीण. उलट दिशेने, इथून भारतात फोन पाठवणाऱ्यांसाठी: एन-२८ आणि एन-७८ दोन्ही हवेत. आयफोन १४ पासून अमेरिकी मॉडेलना सिमची खाच नाही, फक्त ई-सिम. घरच्या ज्येष्ठांना देताना हे आधी सांगा, नाहीतर सिम बदलण्याच्या वेळी गोंधळ उडतो.

रानजाई

फोन नेमका कोणत्या बँडवर आहे हे कसं पाहायचं?

खांबाखाली

अँड्रॉइडवर डायलरमध्ये *#*#४६३६#*#* टाका, फोनच्या माहितीचं पान उघडेल. काही कंपन्यांनी हे पान बंद केलंय. तिथे नेटमॉन्स्टरसारखं ॲप वापरा. आयफोनवर *३००१#१२३४५#* आणि कॉलचं बटण.

आधी जोडणीचा प्रकार पाहा. फक्त "एनआर" (५जीचं तांत्रिक नाव) असेल तर एसए. "एलटीई" (म्हणजे ४जी) आणि सोबत "एनआर जोडलेला" असेल तर एनएसए. मग चॅनलचा क्रमांक, ज्याला एनआर-एआरएफसीएन म्हणतात. १,५१,६०० ते १,६०,६०० म्हणजे एन-२८. ६,२०,००० ते ६,४४,६६६ म्हणजे आपल्याकडचा एन-७८. वीस लाखांच्या पुढे म्हणजे २६ गिगाहर्ट्झ.

नंतर आरएसआरपी, म्हणजे सिग्नलची ताकद. उणे ८० किंवा वर उत्तम, उणे १०० चालेल, उणे ११०च्या खाली रडगाणं. आणि एसआयएनआर, म्हणजे गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल. २०च्या वर फार छान, ० ते ५ कसाबसा, उणे असेल तर जागा बदला. लोक फक्त दांड्या मोजतात, पण वेग एसआयएनआर ठरवतो. सगळे आकडे चांगले आणि वेग तरी कमी असेल तर टॉवरवर गर्दी आहे किंवा टॉवरच्या मागची जोडणी तोकडी आहे. फायबर नसलेल्या टॉवरला मायक्रोवेव्हने डेटा येतो. तो १५ किंवा ८० गिगाहर्ट्झचा दुवा मुसळधार पावसात स्वतःच मंदावतो.

निळू फुलपाखरे

माझा सल्ला सोपा. त्याच पानावर "एनआर ओन्ली" निवडा, फोन ५जीवर लॉक. कटकट मिटली.

खांबाखाली

@निळू, हे करू नका, आणि कोणाला सांगूही नका. एनएसए जाळ्यावर ४जीशिवाय ५जी जोडताच येत नाही, त्यामुळे फोन सरळ "सेवा नाही" दाखवेल. एसएवर डेटा चालेल, पण कॉलचं काय? ५जीवरचा आवाज, म्हणजे व्हीओएनआर, फोन आणि जाळं दोघांकडे असेल तरच मिळतो. नसेल तर एरवी कॉल येताच फोन ४जीवर उतरतो आणि व्हीओएलटीईने, म्हणजे ४जीवरच्या आवाजाने, बोलतो. त्यामुळे घंटी वाजायला जरा वेळ लागतो. लॉक केलं तर उतरायला जागाच नाही, आणि आलेला कॉल तुम्हाला कळणारही नाही. घरात आजारी माणूस असेल, ११२ लावायची वेळ आली, तर? सेटिंग "५जी/४जी ऑटो" हेच ठेवा.

मिताली_एस

आणि उलटं? बॅटरीसाठी ४जीवर ठेवलं तर?

सह्याद्री_सिग्नल

त्याने काही बिघडत नाही. एनएसएमध्ये दोन रेडिओ एकत्र चालतात, म्हणून बॅटरी जास्त जाते. ५जीच्या कडेवर राहणाऱ्यांचा फोन दिवसभर जोडणी चढवत-उतरवत बसतो. तिथे ४जी निवडणं शहाणपणाचं. चांगल्या सिग्नलमध्ये मात्र ५जी तीच फाइल लवकर उतरवून लवकर झोपतं, तिथे बंद करून फायदा नाही. फोन तापला की तो स्वतःच ५जी सोडतो. उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर नकाशा लावून ठेवला की हेच होतं.

वेळापत्रक

"१ मिलिसेकंद"बद्दलही लिहू द्या. आयएमटी-२०२० च्या, म्हणजे ५जीसाठीच्या जागतिक, अटींमध्ये अतिविश्वसनीय सेवांसाठी १ आणि सामान्य डेटासाठी ४ मिलिसेकंद असे आकडे आहेत, पण ते फक्त फोन ते टॉवर या हवेतल्या टप्प्याचे. पुढे फायबरमध्ये प्रकाशाला किलोमीटरमागे ५ मायक्रोसेकंद लागतात. १००० किलोमीटरवरचा सर्व्हर म्हणजे जाऊन-येऊन १० मिलिसेकंद तिथेच गेले. गेमचा सर्व्हर सिंगापूरला असेल तर मुंबईतून ५० च्या खाली पिंग (जाऊन-येऊन लागणारा वेळ) येणार नाही, कितवाही जी आणा.

अटकेपार

सुरक्षेबद्दल कोणी लिहिलं नाही अजून. ४जीत फोन पहिल्यांदा नोंद होताना आपला कायमचा सिम-क्रमांक उघडा पाठवू शकतो. ५जी एसएमध्ये तो क्रमांक ऑपरेटरच्या सार्वजनिक किल्लीने कुलूपबंद करून पाठवायची सोय आहे. एनएसएमध्ये कोअर ४जीचा असल्याने हे संरक्षण नाही.

खांबाखाली

अगदी महत्त्वाचं. त्यालाच जोडून: बनावट टॉवर वापरून बँकेच्या नावाने एसएमएस घुसवणारे भामटे फोनला आधी २जीवर ढकलतात, कारण २जीत टॉवरची ओळख फोन तपासतच नाही. अँड्रॉइड १२ पासून बऱ्याच फोनमध्ये सिमच्या सेटिंगमध्ये "२जीला परवानगी" हे बटण आहे. ते बंद करा. गावी जाताना, जिथे फक्त २जीची रेंज आहे तिथे, चालू करा.

विदर्भवारा

खेड्यांबद्दल एक अभिमानाची गोष्ट. आपल्या टीएसडीएसआय या दूरसंचार मानकं ठरवणाऱ्या संस्थेने आयटीयू या जागतिक दूरसंचार संस्थेकडे आग्रह धरला की ग्रामीण चाचणीत टॉवरमधलं अंतर ६ किलोमीटर धरा, कारण आपल्याकडे टॉवर ग्रामपंचायतीच्या गावात उभा राहतो आणि भोवतालच्या वाड्या त्यावर अवलंबून. ते मान्य झालं. त्यासाठी ५जीआय नावाचं वेगळं मानकही तयार झालं, ज्यात फोनला कडेवरून जास्त ताकदीने बोलता येईल अशी मोड्युलेशनची (लहरीवर डेटा चढवण्याची) युक्ती होती. पुढे ते रिलीज १७ मध्ये मूळ ५जीत सामावून घेतलं. वेगळे फोन बनवावे लागले नाहीत, हे उत्तमच झालं.

कोकणकडा

गावच्या घरी फायबर येत नाही, हवेतून ५जी ब्रॉडबँड घ्यावं का? पावसाचं काय?

घाटमाथा

एन-७८वर चालणारं असेल तर पावसाची भीती नाही, ३.५ गिगाहर्ट्झवर पावसाची घट नगण्य. २६ गिगाहर्ट्झवर मात्र ताशी ५० मिलिमीटर पावसात किलोमीटरला ८ डेसिबलच्या घरात जातात. कोकणातल्या पावसाला हा आकडा लहान आहे. दोन्ही बँडना खरा त्रास ओल्या पानांचा. मे महिन्यात जोडलेलं यंत्र समोरच्या आंब्या-फणसाआडून जुलैत दगा देतं.

बसवायला माणूस येईल तेव्हा एवढं करून घ्या. बाहेरचं यंत्र छपराच्या कडेला, झाडांच्या वर. पत्र्याच्या छपरापासून निदान हातभर उंच. त्याच्या ॲपमध्ये एसआयएनआर पाहत दहा-दहा अंशांनी फिरवायला सांगा आणि प्रत्येक जागी मिनिटभर थांबा. सर्वांत जास्त आरएसआरपीची दिशा आणि सर्वांत जास्त एसआयएनआरची दिशा वेगळी निघाली तर दुसरी निवडा. आत येणारी केबल तांब्याचीच हवी. तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या स्वस्त केबलवरून वीजही जात असल्याने लांब अंतरावर यंत्र पुन्हापुन्हा बंद पडतं. घरात शिरण्याआधी केबलला खाली झोल द्या, म्हणजे पाणी तिथून टपकेल, भिंतीत जाणार नाही. वीज पडण्यापासून वाचायला अर्थिंग आणि सर्ज प्रोटेक्टर हवाच.

रानजाई

शेवटी फोन घेताना काय पाहायचं ते एका ठिकाणी लिहा ना कोणीतरी. बहिणीला घ्यायचाय.

दीर्घतरंग

@रानजाई, कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलचं पूर्ण विनिर्देश-पान उघडा. दुकानातल्या फलकावरचं "१३ बँड" वगैरे सोडून द्या.

एन-२८ आणि एन-७८ दोन्ही हवेत. त्यासोबत एन-१, एन-३, एन-८ असावेत, कारण ४जीचे हे जुने बँड ऑपरेटर हळूहळू ५जीकडे वळवतात. "एसए" आणि "एनएसए" दोन्ही शब्द लिहिलेले हवेत. एन-७८वर ४×४ मायमो (चार अँटेनांनी एकदम डेटा घेणं) आहे का पाहा. स्वस्त फोनमध्ये २×२ असेल तर कमाल वेग निम्मा. एन-२८ आणि एन-७८ एकत्र वापरता येतात का, म्हणजे कॅरिअर ॲग्रिगेशन, हे कळलं तर फार चांगलं. त्यात अपलोड एन-२८वर आणि डाउनलोड एन-७८वर असं जमतं आणि घाटमाथांनी सांगितलेली अडचण बरीच सुटते. दोन सिम वापरणार असाल तर दुसऱ्या सिमवरही ५जी चालतं का ते विचारा. काही जुन्या फोनमध्ये फक्त डेटाच्या सिमला मिळतं.

आणि जुना आयफोन १२ किंवा १३ घेणार असाल तर आयओएस १६.२ किंवा पुढचं हवं. भारतातलं ५जी डिसेंबर २०२२ मध्ये त्याच आवृत्तीने सुरू झालं.

रानजाई

बहिणीच्या मनातल्या फोनच्या पानावर एन-७८ आणि एन-२८ आहेत, पण फक्त "एसए" लिहिलंय, एनएसएचा उल्लेखच नाही. सिम एअरटेलचं आहे.

खांबाखाली

मग घाई नको. एसए अजून सगळीकडे नाही. जिथे फक्त एनएसए आहे तिथे तो फोन ४जीवरच राहील. कंपनीच्या ग्राहकसेवेला मॉडेल क्रमांक देऊन "ईएन-डीसी आहे का" असं लेखी विचारा, एनएसएचं तांत्रिक नाव तेच. त्यांनी बी-१ किंवा बी-३ (४जीचे बँड) सोबत एन-७८ अशा जोड्या कळवल्या तर बिनधास्त घ्या. उत्तर मोघम आलं तर त्याच किमतीचं दुसरं मॉडेल पाहा.